डोनलचं पहिलं रीडिंग

क्रेगने डोनलला फसवलं. डोनलने मला फसवलं. आणि मी, आयुष्यभर सौदे करून पोट भरलेला माणूस, दोघांच्या मध्ये हातात एक कागद धरून उभा होतो. काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

सुरुवात नोराच्या फोनने झाली. शनिवारची सकाळ होती. मी गॉलवेच्या घरी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो.

"विन, त्याला ट्रेलर मागे घेता येत नाहीये."

"कोणाला?"

"डोनलला, अजून कोणाला! मेंढ्यांचा ट्रेलर अंगणात रिव्हर्स घ्यायचा होता. तासभर झाला. आता नुसता गाडीत बसलाय, स्टिअरिंगकडे बघत."

नोरा म्हणजे डोनलची आई. कासलबारच्या बाहेर तिचं घर आहे, मागे मेंढ्या. डोनल बारा वर्षांचा असल्यापासून तो ट्रेलर मागे घेतोय. आता तो सव्वीस वर्षांचा आहे, एकशे दहा किलोंचा आहे आणि इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका क्लबकडून रग्बी लीग खेळतो. मी त्याचा एजंट.

"तो काय म्हणतो?"

"काय म्हणणार? म्हणतो, आय ॲम ग्रँड."

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे 'बरंय'. इथे पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो. त्यामुळे त्या शब्दावरून काही कळायला मार्ग नव्हता. पण माझ्याकडे दुसरा पुरावा होता. टेबलावर क्लबच्या डॉक्टरांचं पत्र पडलं होतं. सतरा दिवसांपूर्वी डोनलच्या डोक्याला मार लागला होता. त्यानंतर टेस्ट झाली आणि तो पास झाला. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: पुढच्या शुक्रवारी खेळायला हरकत नाही. क्लबला आठवडाभर सामना नव्हता म्हणून तो आईकडे आला होता. बुधवारी परत जाणार होता. त्याच दिवशी मी त्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या काँट्रॅक्टसाठी क्लबशी बोलायला बसणार होतो.

"नोरा, डॉक्टरांनी त्याला क्लिअर केलंय."

"डॉक्टरांनी त्याला ट्रेलर मागे घेताना बघितलं का?"

मी कांदा तसाच टाकला आणि गाडी काढली.

रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. आयर्लंडमध्ये सगळी हवा युनियनची. लीगमध्ये तेरा-तेरा खेळाडू असतात. बॉल घेऊन धावायचं, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं, उठायचं, पुन्हा धावायचं. सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्या टीमकडे. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की पकडणारा आणि पकडला जाणारा, दोघेही शंभर किलोंच्या वर आणि दोघेही पळत आलेले. डोनल प्रॉप आहे, म्हणजे अगदी पुढच्या फळीतला. टक्कर हेच त्याचं काम.

या खेळावर आयर्लंडमध्ये घर चालत नाही. पगारी क्लब समुद्रापलीकडे. इथल्या पोराला तिथे पोचवणं, काँट्रॅक्ट ठरवणं आणि क्लबने शब्द फिरवला तर भांडणं हे माझं काम.

इचलकरंजीचा माणूस या धंद्यात कसा, असं सगळेच विचारतात. मी सोळाव्या वर्षी एका सुताच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागलो. सुताची गुंडाळी, म्हणजे कोन, हातात घेऊन, नखाने धागा ओढून मालाचा दर्जा सांगायचो. डिप्लोमा केला, पुण्यात पर्चेसमध्ये नोकरी केली आणि मग गॉलवेच्या मेडिकल डिव्हाइस कंपनीत पर्चेसलाच आलो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याला क्लबचं काँट्रॅक्ट आलं होतं. त्याने मला सहज वाचायला दिलं. मी म्हटलं, व्हेंडरने मला असा कागद पाठवला असता तर मी त्याला दारातून हाकलला असता. पुढच्या वर्षी मी परीक्षा देऊन रीतसर एजंट झालो. आज माझ्याकडे पाच खेळाडू आहेत. कोणी हात धरून आणलं नाही.

पोचलो तेव्हा ट्रेलर गेटमध्ये तिरका अडकला होता. मेंढ्या आत एकमेकींना ढकलत होत्या. डोनल घरात होता.

"विन! तू कसा काय? ममने बोलावलं ना? काही झालेलं नाही रे. पावसाने चिखल झालाय, चाक सरकतंय."

अंगणात काँक्रीट होतं.

"बस, चहा करतो," तो म्हणाला.

त्याने एक प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात डाळी-पीठ होतं. दुसरं उघडलं, त्यात भांडी. तिसरं उघडलं. मग पुन्हा पहिलं. नोरा दारात हाताची घडी घालून उभी होती.

"कप कुठे असतात, डोनल?" तिने विचारलं.

"तू हलवलेस."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून तिथेच आहेत."

तो हसला. "मम, मी टेस्ट पास झालोय. विनला विचार. उलट पहिल्यापेक्षा चांगले मार्क आहेत. डोक्याला मार बसून माझा मेंदू सुधारलाय."

"मग दोन्ही बाजूंनी बसू दे. प्राध्यापक होशील."

हसायला मीही हसलो. पण मला काही कळेना. मी या टेस्टचे कागद नीट वाचले होते. सीझनच्या आधी प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरसमोर बसवतात. दहा शब्द दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात. पत्ते चमकतात, रंग बदलला की बटण दाबायचं. मग एका पायावर उभं करतात. जे मार्क येतात ती त्याची बेसलाइन, म्हणजे धडधाकट असतानाचं रीडिंग. पुढे डोक्याला मार बसला की तीच टेस्ट पुन्हा. मार्क बेसलाइनइतके आले तर मेंदू जागेवर आला असं धरतात. डोनलचे बेसलाइनपेक्षा जास्त आले होते. आणि त्याला कप सापडत नव्हता.

बाहेर आल्यावर मी नोराला म्हटलं, "तो दमला असेल. कागद तरी चांगला आहे."

"विन, मी चाळीस वर्षं मेंढ्या पाळतेय. मेंढी उभी आहे म्हणजे बरी आहे असं नसतं."

"मेंढीची टेस्ट नसते, नोरा."

"म्हणून तिच्याकडे बघावं लागतं," ती म्हणाली आणि ट्रेलर स्वतः मागे घ्यायला गेली.

मला तिचा राग आला. खरं तर ती बरोबर असेल याची भीती वाटली, आणि माझी भीती रागाच्या तोंडाने बाहेर येते. कारण पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. एजंटच्या परीक्षेत ते धडे असतात. माणूस मैदानावरून उठतो, पण तोच माणूस उठतो असं नाही. कधी उठतही नाही.

संध्याकाळी घरी दोन्ही रिपोर्ट टेबलावर पसरले. माझी बायको मेधा अशाच एका डिव्हाइस कंपनीत कॅलिब्रेशनमध्ये आहे. मोजणाऱ्या यंत्रांचं माप बरोबर आहे का, हे ती मोजते. ती पुण्याची. मी चिडलो की तिला आधी गंमत वाटते, मग दया येते.

"डॉक्टर खोटं बोलतेय," मी म्हटलं. "कोणीतरी दुसरी टेस्ट बदललीय. त्यांना शुक्रवारी माणूस पाहिजे."

"दुसऱ्या टेस्टमध्ये काय वाईट आहे?"

"काहीच नाही! तेच तर."

"मग दुसरी कशाला बघतोस? पहिली दे इकडे." तिने चष्मा लावला. "दहातले चार शब्द आठवले. सई, इकडे ये गं. विनू, तूपण बस."

सई म्हणजे आमची मुलगी. मेधाने तिथल्या तिथे दहा शब्द वाचले: चमचा, घोडा, छत्री, पूल आणि असेच काहीतरी. मग आम्हाला कुकरला शिट्ट्या होईपर्यंत थांबायला लावलं आणि विचारलं. सईला नऊ आठवले. मला सहा.

"डॅड, दॅट्स डेस्परेट," सई म्हणाली. इथे डेस्परेट म्हणजे 'अगदीच वाईट'.

"तुझा डॅड बावन्न वर्षांचा आहे आणि संतापलेला आहे, तरी त्याला सहा आले," मेधा म्हणाली. "हा सव्वीस वर्षांचा धडधाकट मुलगा. टीमच्या चाली पाठ असतात ना यांच्या?"

"तीस-चाळीस. झोपेत म्हणेल."

"आणि दहातले चार शब्द? बरं, रिॲक्शन टाइम बघ. रंग बदलल्यावर बटण दाबायला याला माझ्या आईपेक्षा जास्त वेळ लागलाय. एवढा सावकाश माणूस समोरून येणाऱ्याला पकडेल कसा?"

"त्या दिवशी आजारी असेल."

"असेल. किंवा ठरवून केलं असेल." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "आमच्याकडे शिकाऊ माणूस नेहमी शेवटचं रीडिंग तपासतो. चूक पहिल्यात असते. पहिलं खोटं असेल तर पुढचं सगळं बरोबर दिसतं. इचलकरंजीकरांना सूत कळतं, आकडे नाही कळत."

मी उठून बाहेर गेलो आणि कार धुतली. पाऊस पडत होता. तरी धुतली.

रविवारी सकाळी डोनलला फोन लावला. गोलगोल बोलायची मला सवय नाही.

"बेसलाइनला मुद्दाम कमी मार्क पाडलेस?"

तो म्हणाला, "हो. सगळेच पाडतात."

"सगळे म्हणजे?"

"ड्रेसिंग रूममधले सगळे. पहिल्या आठवड्यात टेस्टला जाताना क्रेगनेच सांगितलं. लॅड्स, कॉम्प्युटरसमोर हिरो बनू नका, पुढे उपयोगी पडेल. सगळे हसले. मग आत जाऊन जो तो मठ्ठ झाला. एक जण तर इतका मठ्ठ झाला की त्याला पुन्हा बसवावं लागलं."

क्रेग म्हणजे क्लबचा हेड ऑफ परफॉर्मन्स. खेळाडूंचा फिटनेस, त्यांच्या टेस्ट, कोण खेळायला लायक आणि कोण नाही, हे सगळं त्याच्या हाताखाली. क्लबची डॉक्टरसुद्धा त्यालाच रिपोर्ट करते.

"आणि हे तू मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला होता. "मी तुझ्यासाठी लोकांशी भांडतो. गाढवासारखा तुझा कागद घेऊन फिरतो."

"मला वाटलं तुला माहितीये."

"मला कसं माहीत असेल?"

"ते कलम तूच घातलंस ना, विन. बेसलाइनइतके मार्क आले की मला बाहेर बसवता येणार नाही. मला वाटलं, तू त्यासाठीच घातलंस. म्हटलं, काय हुशार माणूस आहे."

मी खुर्चीवर बसलो.

ते कलम मीच घातलं होतं. त्याआधी माझ्या एका खेळाडूला क्लबने 'डोक्याचं कारण' सांगून अख्खा सीझन बसवलं होतं. डोक्याला काही झालं नव्हतं. त्यांना त्याची जागा दुसऱ्याला द्यायची होती. म्हणून डोनलच्या वेळी मी अडून बसलो. टेस्ट बेसलाइनइतकी आली की डोक्याच्या नावाखाली खेळाडूला बाहेर ठेवायचं नाही आणि त्या कारणावरून पुढचं काँट्रॅक्टही नाकारायचं नाही. क्रेग दोन तास नाही म्हणत होता. मग एकदम म्हणाला, ठीक आहे, लिही. हसलासुद्धा. मी खुशीत घरी आलो आणि मेधाला बाहेर जेवायला नेलं.

सुताच्या बाजारात पोरसुद्धा सांगेल: समोरचा एकदम भाव मान्य करतो तेव्हा माल परत बघायचा असतो. मी बघितला नाही. ज्याच्याकडे सगळी मापं खोटी आहेत, त्याला मापावर लिहिलेलं कलम कशाला टोचेल? उलट खेळाडू मार खाऊन लवकर परत येईल, आणि त्याला परत आणणारा कागद एजंटने लिहिलेला असेल.

पण त्याला हे सगळं तेव्हा सुचलं होतं का, की दोन तास बसून त्याला फक्त भूक लागली होती? मला आजही माहीत नाही. कधी वाटतं तो फार धूर्त आहे. कधी वाटतं, सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट एकट्या मलाच माहीत नव्हती.

"ऐक," मी डोनलला म्हटलं. "तू शुक्रवारी खेळणार नाहीस."

"मग काय सांगणार त्यांना? कलम बावीस वाचलंयस ना?"

तेही मीच वाचून त्याला समजावलं होतं. खेळाडूने सगळ्या मेडिकल टेस्ट प्रामाणिकपणे द्यायच्या, नाहीतर काँट्रॅक्ट रद्द. म्हणजे आता दोनच रस्ते होते. गप्प बसलो तर डोनल शुक्रवारी मैदानात, त्या डोक्यासह. बोललो तर तो लबाड ठरणार. दुखापतीमुळे निवृत्त होणाऱ्याला क्लब उपचार देतो, नवं काम शिकवतो, मानाने निरोप देतो. लबाडाला यातलं काही नाही.

"दोन वर्षं, विन," तो म्हणाला. "फक्त दोन वर्षं मिळवून दे. मला दुसरं काही येत नाही."

मी आयुष्यभर समोरच्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी बोललोय. इथे समोरचा माझाच माणूस होता आणि त्याच्याकडून मला त्याचा खेळ काढून घ्यायचा होता. ते कसं करतात हे मला येत नव्हतं. मग जे येतं तेच केलं. सौदा केला.

"मंगळवारी गॉलवेला ये. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ. त्या क्लबच्या नाहीत, माझ्या नाहीत. त्या म्हणाल्या खेळ, तर मी जन्मभर तोंड उघडणार नाही. त्या नाही म्हणाल्या, तर मी क्लबला सगळं सांगणार."

"आणि मी आलोच नाही तर?"

"तर मी आत्ताच सांगतो."

"हा सौदा नाही. ही धमकी आहे."

"माझे बरेच सौदे असेच असतात."

तो आला. नोराने गाडी चालवली. डॉक्टर शांत बाई होत्या. त्यांनी जुनी टेस्ट मागितलीच नाही. डोळ्यांसमोर बोट फिरवलं, एका रेषेवर चालायला लावलं आणि मग म्हणाल्या, डिसेंबरपासून उलटे महिने सांगा. डोनल हसला. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर," त्याने भराभर म्हटलं. मग थांबला. आम्ही वाट बघत होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, वर्गात मुलगा शेजारच्याकडे बघतो तसं. मी मान खाली घातली.

"पुन्हा सुरू करू का?" त्याने विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "पुरे."

हा सीझन पूर्ण बंद. पुढचाही बहुतेक. आणि त्यांच्या मते, पुन्हा या खेळाकडे वळूच नये. बाहेर पार्किंगमध्ये डोनल गाडीला टेकून उभा राहिला.

"तू खूश झालास?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"मग निदान मला हरवताना तुझंही काहीतरी गेलं," तो म्हणाला आणि नोराच्या शेजारी जाऊन बसला. हा टोमणा होता की माफी, तेही मला कळलं नाही. नोराने काच खाली केली, माझा हात एकदा दाबला आणि गाडी काढली.

बुधवारी व्हिडिओ कॉल. याच कॉलवर आम्ही नवं काँट्रॅक्ट बोलणार होतो. पलीकडे क्रेग आणि क्लबची डॉक्टर. डॉक्टरने कॅमेरा बंद ठेवला होता, फक्त नाव दिसत होतं.

मी सगळं सांगितलं. गॉलवेचा रिपोर्ट वाचला.

क्रेग म्हणाला, "थांब, मला समजू दे. तुझ्या खेळाडूने आमच्या टेस्टमध्ये फसवलं, हे तू मला सांगतोयस?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी काय सांगितलं?"

"कॉम्प्युटरसमोर हिरो बनू नका."

तो हसला. "मेट, तो जोक होता. पोरं टेस्टला घाबरतात. वातावरण हलकं करायला म्हणालो."

"तीस जणांनी एकदम तो जोक खरा केला?"

"तीस जणांचं तू मला कसं सांगतोस? तुझ्याकडे एक आहे. आणि तो कबूल करतोय की तो खोटं वागला. लेखी काही आहे? माझा मेसेज? मेल?"

लेखी काही नव्हतं. अशा गोष्टी लेखी नसतातच.

"डॉक्टर," मी त्या बंद कॅमेऱ्याला म्हटलं, "प्रॉप खेळाडू दहातले चार शब्द सांगतो, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

नुसता त्यांचा आवाज आला. "मी आलेले मार्क नोंदवते."

"आलेले मार्क तर माझी मुलगीही नोंदवेल!" मी ओरडलो. आणखीही बरंच बोललो. त्यातलं थोडं मराठीत होतं, म्हणून बरं. क्रेगने शांतपणे ऐकून घेतलं. मी ओरडतोय हे त्याच्या फायद्याचं होतं. माझा स्वभाव मला पुष्कळदा उपयोगी पडलाय. त्या दिवशी पडला नाही.

आठ दिवसांनी क्लबचं पत्र आलं. काँट्रॅक्ट परस्पर संमतीने संपवलं आहे. खेळाडूने वैद्यकीय चाचणीत अचूक माहिती दिली नसल्याने निवृत्तीच्या तरतुदी लागू होत नाहीत. मी पुढचे तीन आठवडे फक्त त्या दुसऱ्या वाक्यासाठी भांडलो. तेवढं काढा, बाकी काही मागत नाही. 'अचूक' या शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालायला ते तयार झाले, पण वाक्य काढलं नाही. डोनलचे दोन सहकारी आधी म्हणाले होते, आम्ही सांगतो क्रेग काय बोलला ते. मग दोघांचेही फोन लागेनासे झाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची काँट्रॅक्टं याच वर्षी संपतायत.

डोनल आता आईकडे आहे. डोकेदुखी कमी झालीय. कासलबारला एका गोदामात सकाळच्या शिफ्टला जातो. तिथे त्याची लबाडी कोणी विचारत नाही. महिन्यातून एकदा आमचं बोलणं होतं, हवेबद्दल.

एजंट होऊ पाहणाऱ्यांना मी आता एकच गोष्ट सांगतो. कोणत्याही मापावर कलम लिहायच्या आधी ते माप कोणी घेतलं, कुठे घेतलं आणि ते खोटं निघालं तर फायदा कोणाचा, हे विचारा. मी माझ्या बाकीच्या चार काँट्रॅक्टमधून ते कलम काढून टाकलं. त्यासाठी मला प्रत्येक क्लबला काहीतरी सोडावं लागलं. सोडलं. माझ्या चुकीचा हिशेब मी असा दिला. डोनलने त्याचा त्याहून महाग दिला.

राहिला क्रेग. तो अजून त्याच खुर्चीत आहे.

तो जोक होता, असं मी घटकाभर धरून चालतो. मग जोक फसल्याचं कळल्यावर त्याने काय केलं? त्या दिवशी त्या खोलीत डोनलबरोबर बसलेल्या पोरांची टेस्ट पुन्हा घेतली का? की त्यांची तीच खोटी रीडिंग आजही कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि मार खाल्ल्यावर त्यांच्यावरूनच पोरांना मैदानात पाठवलं जातंय? मी तीनदा मेल केली. उत्तर नाही. त्या पोरांच्या आया नोरासारख्या रोज त्यांच्याकडे बघत नाहीत. त्या घरी टीव्हीसमोर असतात.

क्रेग, मला तुझी माफी नको. डोनलबद्दलही आता काही मागत नाही. पुन्हा टेस्ट घेतली की नाही, एवढंच सांग. हो किंवा नाही. क्लबच्या लेटरहेडवर, तुझ्या सहीने. आणि तुझ्या त्या डॉक्टरला सांग, उत्तर देताना कॅमेरा चालू ठेव.